लाल कोट घालून हाक्याला

चांद्यात लग्नाच्या वरातींपुढे मी उभा जन्म साइड ड्रम वाजवला. चंद्रपूर हे नाव कागदावर नंतर आलं, आमच्या तोंडात अजून चांदाच आहे. माझी तिथे एक ख्याती होती, की हा माणूस थांबत नाही. बँडच्या गाण्यात एखादी जागा अशी येते की सगळी वाद्यं ठोकाभर गप्प होतात आणि मग एकदम उसळतात. त्या जागीही माझ्या काड्या चालूच असायच्या. लोकांना वाटायचं ही कला आहे. नवरदेवाचे मामे क्लॅरिनेटवाल्याला सोडून माझ्या गळ्यात हार घालायचे आणि मी मान पुढे करून तो घालून घ्यायचो.

ती कला नव्हती. ती भीती होती, आणि भीतीच्या खाली शरम होती. मी वाजवताना आयुष्यात एकदाच थांबलो, आणि तेवढ्यात माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात गेला. त्यानंतर मी जे केलं, खरं म्हणजे जे केलं नाही, ते त्याहून वाईट होतं. तेच सांगायला बसलो आहे. मधे मधे बढाई येईल. जुनी खोड आहे, ती वजा करून वाचावं.

आमचं गाव नागभीडपासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीला लागून. भोवतालची धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्यांची, तलावातली मासोळी आमची. बाप मी कळता होण्याआधीच गेला. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्यानंच मला वाढवलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. त्याचा उजवा हात गावात प्रसिद्ध होता. त्या हातानं जाळं फेकलं की ते पाण्यावर परातीसारखं गोल उघडून पडायचं. सुगी संपल्यावर गावात दंडार उभी राहायची, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक. तिथे त्याच हातात डफ असायचं. दंडारीतली सोंगं कशीही असोत, माणसं भावाचं डफ ऐकायला यायची.

मला शिकवलं त्यानंच. मासोळीच्या पालथ्या टोपलीवर, तेलाच्या रिकाम्या डब्यावर. माझा हात जोरात पडला की तो म्हणायचा, "मनगटानं वाजव, बाबू. हात काय, कोनीबी आपटते."

सतराव्या वर्षी भाऊ मला महाकालीच्या जत्रेला चांद्याला घेऊन गेला. तिथे एका बँडचा साइड ड्रमवाला नुकताच कोळशाच्या खाणीत लागला होता आणि बँडचे मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. भाऊ सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माया भाऊ वाजवते." मास्तरांनी काड्या दिल्या, मी वाजवलं. मग त्यांनी सहज भावालाही वाजवायला लावलं. ऐकून ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तूच ये ना, दादा." भाऊ हसला. "मी तलाव सोडून कुठी जाऊ? याले ठेवा." ती जागा त्याचीही होऊ शकली असती, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलेलं विसरायला मी उशीर केला नाही.

बँडनं मला लाल कोट दिला. जाड लोकरीचा, पितळी बटणांचा, बाह्यांवर सोनेरी पट्टी. माझ्याआधी कोणीतरी तीन-चार हंगाम त्यात घाम गाळलेला होता आणि खांदे मला मोठे होत होते. तरी तो घालून मी ऐन वैशाखात नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गावी जायचो. स्टेशनपासून पायी. गावातली माणसं विचारायची, "नवरदेव, घोडा कुठी सोडला गा?" मला राग येत नसे. उलट वाटायचं, जळताहेत लेकाचे. भाऊ मात्र मला खाटेवर बसवायचा, स्वतः खाली बसायचा, आणि आल्यागेल्याला बटणं दाखवायचा.

तीन हंगाम असे गेले. जंगलाच्या काठावरच्या गावातली एक मुलगी मला सांगून आली. सोयरीक ठरली, लग्न पुढच्या वैशाखात. होणारा सासरा कमी बोलणारा शेतकरी होता. माझ्याकडे तो पाहायचा तेव्हा बटणांकडे पाहायचा नाही, तोंडाकडे पाहायचा. ते मला खटकायचं.

त्या हिवाळ्यात, धान मळून झाल्यावर, मी आठ दिवस घरी आलो होतो. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कागदावरून गेली होती, पण मालगुजाराकडे शिकारीचा पाहुणा आला की माणसं अजून गोळा व्हायची. सवयच ती. त्या आठवड्यात पाहुणा आला आणि वाघाच्या हाक्याचं बोलावणं निघालं. दोन गावांतून घरटी एक माणूस. आमच्या घरचा भाऊ जाणार होता. मी म्हणालो, मीही येतो, ड्रम घेऊन येतो. सासऱ्याच्या गावची माणसं असणार, हे माझ्या मनात होतं.

भाऊ म्हणाला, "टिनाचा डबा घे. कोट राहू दे घरी."

"मी बँडचा मानूस हाये, भाऊ. डबा काय वाजवू?"

त्यानं वाद घातला नाही. तो माझ्याशी कधीच वाद घालत नसे. घातला असता तर बरं झालं असतं, असं मी पुढे कित्येकदा मनात म्हणालो. म्हणजे त्यातही खोट त्याचीच.

सकाळी जंगलाच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली चाळीसेक माणसं जमली. शेकोटी पेटवलेली होती आणि ज्यांच्याजवळ चामड्याची वाद्यं होती ते ती शेकत होते. दवानं चामडं ढिलं पडतं, शेकलं की ताणतं. भाऊ आपलं डफ आगीवर धरून फिरवत होता, मधेच बोटानं टिचकी मारून कान लावत होता. सगळ्यांनी ते पाहिलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

"तुया बी शेक," तो म्हणाला.

मी नाही शेकला. पितळेला धूर लागतो म्हणालो. आदल्या संध्याकाळी मी तो ड्रम चिंचेनं घासून लखलखीत केला होता.

हाका लावणारा एक म्हातारा गोंड होता. पाहुण्याची बंदूक, मालगुजाराचा माणूस, हे सगळे त्याच्या शब्दापुढे गप्प. हाका म्हणजे तीन बाजूंनी माणसं आवाज करत पुढे सरकतात आणि वाघ चौथ्या बाजूला, मचाणाखाली, जातो. म्हातारा आम्हाला ओळीत उभं करत म्हणाला, "सूर नाई पायजे, आवाज पायजे. वाघ आवाज नाई ऐकत. जिथी आवाज नाई, ते ऐकते. तिथूनच निंगते. कोनाचं फाटलं, तुटलं, तर तोंडानं बोंबला. पन थांबू नका."

मी ऐकलं. मी बहिरा नव्हतो. पण मला वाटलं, हे डबेवाल्यांना सांगणं चाललं आहे.

माझ्या डाव्या हाताला, वीसेक पावलांवर, भाऊ. उजव्या हाताला होणारा सासरा, त्याच्या हातात टिनाचा डबा. इशारा झाला आणि ओळ निघाली. सुरुवातीला माझा ड्रम असा कडकडला की जवळची माणसं वळून पाहू लागली. मग काय, मी वरातीची चाल धरली. वाघाच्या हाक्यात वरातीची चाल! दोघंतिघं खुशीत येऊन पाय आपटू लागले. मी छाती काढून चालत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सासऱ्याकडे पाहत होतो.

पुढे नाला लागला. कमरेइतकं गवत, दवानं निथळणारं. ते पार करेपर्यंत कोटाच्या बाह्या भिजल्या, ड्रमचं चामडं भिजलं, आणि आवाज बसला. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा भद् भद्. मी काड्या जोरानं मारल्या, आवाज आणखी वाईट आला. सासऱ्याच्या पलीकडून कोणीतरी ओरडलं, "बँडाले सर्दी झाली का गा?"

ओळीत हशा पिकला. मी उजवीकडे पाहिलं. सासरा हसत होता. मोठ्यानं नाही, ओठांच्या आत. बस्, तेवढंच झालं. त्यापेक्षा मोठं काही झालं नाही.

आणि मी थांबलो.

तो आवाज माझ्या हातून निघतो आहे हे लोकांनी ऐकू नये, म्हणून थांबलो. तोंड होतं, बोंबलता आलं असतं. पण बँडचा माणूस बोंबलणार कसा? मी एका ऐनाच्या झाडाखाली गुडघा टेकला. कोटाचा घेर चिखलात पडू नये म्हणून तो आधी मागे सारला, हेही मला आठवतं. साइड ड्रमच्या दोऱ्यांवर चामड्याचे कान असतात, ते खाली ओढले की चामडं ताणतं. एकदा या बाजूचा, एकदा समोरचा, असे क्रमानं ओढायचे, नाहीतर ताण वाकडा बसतो. मास्तरांनी शिकवलं होतं तसे मी ते क्रमानं ओढायला लागलो. चाळीस माणसं वाजवत आहेत, मिनिटभर एक ड्रम नसला तर काय होतं, असं मनात होतं.

"बाबू, वाजव!" भाऊ ओरडला. "वाजव ना रे!"

मी मनात म्हणालो, थांब ना भाऊ, होतंच आहे.

मग त्याच्या डफाचा आवाज जवळ येऊ लागला. तो आपली जागा सोडून माझ्या जागेकडे येत होता, म्हणजे दोन्ही जागा एका डफानं झाकता याव्यात. मला ते समजलं. समजूनही मी पाचवा की सहावा कान ओढत होतो. समोरचं गवत हललं. डरकाळी वगैरे काही नाही. मला फक्त एक पिवळी कूस दिसली, माझ्यापासून दहा पावलांवरून गेलेली, आणि डफाचा आवाज तुटला. वाघ उभासुद्धा राहिला नाही. वाटेत जे आलं त्याला पंजा मारून तो मागे जंगलात गेला.

भाऊ बसलेला होता. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला होता. डफ फाटून त्याच्या मांडीवर. तो हाताकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. "तुले लागलं का?" त्यानं विचारलं.

माणसं धावत आली. कोणीतरी ओरडलं, हात बांधा, काही तरी द्या बांधायला. माझ्या अंगावर तो जाड लोकरीचा कोट होता. मी तो काढला नाही. बँडचा कोट आहे, मास्तर काय म्हणतील, असा विचार माझ्या डोक्यात आला, आणि तो विचार संपायच्या आत सासऱ्यानं आपल्या डोक्याचा पटका सोडून फाडला होता. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात. थांबलो ती चूक म्हणता येईल. कोट काढला नाही, त्याला काय म्हणू?

भावाला बाजेवर घालून सडकेपर्यंत आणलं. तिथे पाहुण्याची जीप होती, मालगुजाराचा माणूस होता, आणि तो म्हातारा गोंड उभा होता. त्यानं विचारलं, "कोन थांबला?"

चाळीस माणसं आणि कोणी बोललं नाही. मला वाटलं, कोणाला माहीत नाही. खरंच मला तसं वाटलं. मी भिजलेल्या कोटात, ड्रम गळ्यात घेऊन उभा होतो, आणि ड्रमचे अर्धे कान वर, अर्धे खाली होते.

"मी," बाजेवरून भाऊ म्हणाला. "मायं डफ ओलं झालं होतं. मीच थांबलो."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या काड्यांकडे पाहिलं. मालगुजाराचा माणूस म्हणाला, थांबला त्याचंच हे फळ, आणि जीप सुरू झाली. मी जीपमध्ये भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. चांद्यापर्यंत मला सांगायला वेळ होता. समोर मालगुजाराचा माणूसच बसला होता. भावाचे डोळे उघडे होते.

दवाखान्यात हात राहिला, पण हातासारखा राहिला नाही. तीन बोटं मिटेनाशी झाली, मनगट वळेनासं झालं. जाळं फेकणं गेलं, डफ गेलं. वहिनी लुगडं खोचून स्वतः तलावात उतरू लागली. भाऊ पाळीवर बसून जाळी विणायचा, डाव्या हातानं आणि दातांनी. चूक थांबणाऱ्याची ठरल्यामुळे मालगुजाराकडून विचारपूससुद्धा आली नाही. पुढच्या हाक्याला आमच्या घराला बोलावणं नव्हतं. दंडारीत दुसरा डफवाला आला. भाऊ मागे, बायकांच्या जवळ, बसून बघायचा.

मी आठ दिवसांत बँडमध्ये परत गेलो. हंगाम होता ना. मनात रोज एक वाक्य तयार करायचो. 'भाऊ नाही, मी थांबलो होतो.' एवढंच वाक्य, शाळकरी पोरालाही पाठ व्हावं. लग्नात सांगीन म्हणालो. लग्नात भावानं डाव्या हातानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ते वाकडं लागलं, पाहुणे हसले, भाऊही हसला. मी सांगितलं नाही. पोळ्याला सांगीन म्हणालो. दिवाळीला म्हणालो. मुलगा झाला तेव्हा म्हणालो. दरवेळी वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता एकदम कसं सांगायचं? आणि त्यातून आणखी दिवस जायचे.

बँडमध्ये मात्र माझं निराळंच झालं. हाक्यानंतरच्या पहिल्याच वरातीत ती गप्प जागा आली आणि माझे हात थांबेनात. सगळे गप्प, माझा ड्रम चालू. मास्तर वरातीतच दात-ओठ खाऊन माझ्याकडे वळले. घरी गेल्यावर शिव्या दिल्या. पण दुसऱ्या दिवशी लोकांनी तेच पुन्हा मागितलं. मग मास्तरही म्हणायला लागले, आमचा हा गडी थांबत नाही. चांद्यात नाव झालं. नागपूरच्या बँडनं बोलावलं, गेलो नाही. मी ते निष्ठेनं केलं असं मास्तरांना वाटलं. खरं म्हणजे नवीन माणसांत कोणी विचारलं असतं, कुठे शिकलास, तर भावाचं नाव घ्यावं लागलं असतं.

असं सहा वर्षं चाललं. पावसाळ्यात लग्नं नसतात, बँड बंद. मी घरी यायचो. तोवर सासऱ्यानं आमच्या शिवेला लागून थोडी बांधी लेकीला करून दिली होती, तिच्यात रोवणी असायची. त्या वर्षी अशीच रोवणी चालू होती. बायका ओळीत वाकून धानाचं रोप लावत मागे मागे सरकत होत्या, माझी बायको त्यांच्यात होती, आणि मी बांधावर पेंढ्या आणून टाकत होतो. पाऊस भुरभुरत होता म्हणून डोक्यावर पोतं घेतलेलं, तोंड झाकलेलं. ओळीत एक नवी सून होती, दुसऱ्या तालुक्यातून आलेली. तिच्या शेजारची कंबर धरून जरा उभी राहिली, तशी ती सून हसत ओरडली, "काऊन व, बँडवाल्यावानी थांबली? वाघ निंगून जाईन ना!"

दोघीतिघी हसल्या. मग एकीनं बांधाकडे पाहिलं आणि तिचं हसणं बंद झालं. मग दुसरीचं. ओळभर बायका खाली माना घालून भराभर रोप लावू लागल्या. नव्या सुनेला काहीच कळेना, ती विचारत राहिली, "का झालं? सारेच म्हनतेत ना?"

सारेच म्हणतात. मी पेंढी खाली ठेवली. हातात दुसरी होती, ती पण ठेवली.

दुपारी बायको भाकर घेऊन बांधावर आली. मी विचारलं, "ही म्हन कवापासून हाये?"

तिनं भाकरीचं फडकं सोडलं. मग म्हणाली, "मी इथी याच्या पयलेपासून."

"तुले माहीत होतं?"

"बाबा ओळीतच होते ना. टिनाचे डबे दहा जनांचे एकसारखे वाजतेत. तुमचा एकच तसा होता. तो बंद झाला ते साऱ्यायनं ऐकलं. भाऊजींनी डफ शेकलेलं बी साऱ्यायनं पायलं होतं."

"मंग बाबांनी लगन काऊन नाई मोडलं?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा म्हने, भाऊ असा हाये, तर घर चांगलं असन."

म्हणजे मुलगी मला दिलीच नव्हती. माझ्या भावाच्या घरात दिली होती. सहा वर्षं मी त्या गावातून लाल कोट घालून, बटणं चमकवत फिरलो, आणि प्रत्येक दारातल्या माणसाला ठाऊक होतं. त्यांनी मला रामराम घातला, पाणी दिलं, घोडा कुठी सोडला विचारलं. एकानंही तोंडावर काढलं नाही. शरमेनं माणूस मरत नाही, हे मला त्या बांधावर कळलं. मेलो असतो तर सुटलो असतो.

मी तसाच तलावाच्या पाळीवर गेलो. भाऊ झाडाखाली जाळं विणत बसला होता, सुताचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत. मला पाहून त्यानं दातातलं सूत काढलं.

"भाऊ, मी आज सांगतो," मी म्हणालो. "दंडारीच्या जागी साऱ्यायले जमवतो आणि सांगतो. तू नाई थांबला, मी थांबलो."

"कोनाले सांगतो?" तो म्हणाला. "साऱ्यायले मालूम हाये."

"तरी सांगतो."

"नोको." तो माझ्याशी पहिल्यांदाच इतका स्पष्ट बोलत होता. "आता सांगशील तं मी खोटा पडतो. मी बाजेवरून चाळीस मानसांत बोललो. त्याईनं मायं बोलनं ठेवलं. सहा वर्सं ठेवलं. तू आता उठून सांगशील, तं त्याईलेबी म्हनावं लागंन का आम्ही खोट्यात होतो. राहू दे."

मी त्याच्याजवळ बसलो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्याच्या मांडीवर तो उजवा हात उताणा पडला होता, तीन बोटं उघडी. मी विचारलं, "तू असं काऊन केलं, भाऊ? मी नाई म्हनलं होतं तुले."

त्यानं सूत पुन्हा हातात घेतलं, पण दातांत धरलं नाही.

"तू नवा होता. तुया सासरा उभा होता. लगन मोडलं असतं, बँडबी गेला असता." मग तो तलावाकडे पाहत म्हणाला, "मी का जल्माचं थोडीच घेतलं होतं, बाबू? त्या दिसापुरतं घेतलं. मले वाटलं, सांज होयपर्यंत तू सांगशील."

पाऊस थोडा वाढला. वहिनी पाण्यातून हाक मारत होती, टोपली आणा म्हणून. भावाला उठायला वेळ लागतो, म्हणून मी उठलो आणि टोपली घेऊन गेलो.

भाऊ गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानं नको म्हटलं होतं, म्हणून तो असेपर्यंत मी कुठेच बोललो नाही. आमच्याकडच्या बांध्यांमध्ये ती म्हण अजून आहे. म्हणणाऱ्यांना आता तो बँडवाला कोण हे ठाऊक नसतं. रोवणीच्या दिवसांत मी बांधावरून जात असलो आणि ती कानावर आली, की मी उभा राहतो आणि पूर्ण ऐकतो. दरवेळी वाटतं, ती ओरडणारी बाई विचारील, कोण थांबला होता? अजून कोणी विचारलेलं नाही.